डाव्या मांडीवरची मूठ

“वहिनी, वेणी आत घाला. मागच्या बारीला पंख्यात गेली असती,” दस्तगीर म्हणाला.

मी हेल्मेट काढलं, शेपटा सदऱ्याच्या आत खोचला आणि हेल्मेट पुन्हा चढवलं. आमच्या गाडीचं इंजिन आमच्या डोक्यांमागं हातभर अंतरावर. मध्ये ना पत्रा, ना जाळी. आमच्या पुढं दोन गाड्या उभ्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी झेंडा पडत होता.

“आणि रंगराव, दुसऱ्या खिंडीच्या पुढं जरा बेतानं,” दस्तगीर ह्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला. “काल रस्ता बघाय गेलतो तवा डाव्या अंगाला मेंढरं हुती. धनगराला सांगितलंय मी, उद्या हिकडं येऊ नगंस म्हणून. पर मेंढरं ती. जिकडं गवात तिकडं.”

“बेतानं गेलो म्हणून तर गेल्या साली चार सेकंदानं पडलो,” हे म्हणाले. “तू इंजिनाचं बघ. मेंढरांचं मी बघतो.”

मेंढरांचं हे काय बघणार होते! डाव्या अंगाचं सगळं बघायचं काम माझं होतं. स्पर्धेच्या त्या अख्ख्या पठारावर ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

हे म्हणजे माझे यजमान, रंगराव इंगवले. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना रस्त्याला लागून आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशीन आणि दस्तगीर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा धंदा. ट्रॉल्या बनवता बनवता उरलेल्या पाइपांतून ह्या दोघांनी ही गाडी उभी केली. जुन्या जिप्सीचं इंजिन, चार दांडगी चाकं, दोन खुर्च्या आणि बाकी नुसते पाइप. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढं काच नाही. पहिल्यांदा ती शेडमधून बाहेर आली तेव्हा आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “ह्याचं मास कुटं गेलं? नुसता सांगाडाच की ह्यो!” तेव्हापासून तिचं नाव सांगाडा.

सांगाड्याबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. रस्त्यावर न्यायची तिला परवानगी नव्हती, म्हणून पाणंदीपाणंदीनं रानात जायचं, आणि स्पर्धा असली की तिला ट्रॉलीवर चढवून न्यायचं. बसायचं तर पाइपावर पाय टाकून आत उडी मारायची. साडीत ते जमेना, तेव्हा मी ह्यांची जुनी पँट घालायला लागले. मी गावच्या शाळेत मास्तरीण. इंगवल्यांची सून पँट घालून पाइपात बसते, ही बातमी माझ्याआधी शाळेत पोचायची. धूळ दातात, कुसळं कपड्यात, एकदा गांधीलमाशी कॉलरीत. बाजारातून आणलेली कोथिंबीर घरी येईस्तोवर वाऱ्यानं अर्धी व्हायची. आणि आत्ती, ज्यांनी तिला नावं ठेवली, त्याच दसऱ्याला म्हणाल्या, “मी बी बसतो की एकदा.” चार पट्ट्यांत आवळलेल्या, नऊवारी नेसलेल्या आत्ती रानापर्यंत जाऊन आल्या आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटल्या की सून भित्री आहे, मी अजिबात ओरडले नाही.

ह्यांचा डावा डोळा गेला तो स्पर्धेच्या आधी दोन वर्षं. ट्रॉलीचा सांधा घासताना ग्राइंडरच्या चाकाचा तुकडा उडाला. चष्मा खिळ्याला लटकलेला होता. चष्मा घातला की सांधा नीट दिसत नाही असं ह्यांचं म्हणणं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरून डोळा राहील, आतून गेला. झालंही तसंच. बघणाऱ्याला दोन्ही डोळे सारखे दिसायचे.

“कुणाला सांगायचं न्हाई,” हे दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले. “दस्तगीरला बी न्हाई, आईला बी न्हाई. एका डोळ्याच्या माणसाला स्पर्धेत घेत न्हाईत.”

“मग नका ना जाऊ स्पर्धेला,” मी म्हणाले.

घरी येईपर्यंत हे बसच्या खिडकीच्या गजाला बोटांनी वाजवत राहिले. या माणसाला बसून राहणं ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा एक पाय हलत असायचा. महिनाभरात मला कळून चुकलं, की गाडी सुटली तर हा माणूस घरातल्या घरात सुकून जाईल. मग मीच म्हणाले, मी बसते शेजारी.

गाडी वळवायचं चाक उजव्या बाजूला, माझी खुर्ची डाव्या. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. इतर लोक हेल्मेटात बोलायचा संच वापरायचे. ह्यांना कानात कुणाची बडबड नको असायची. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. माझा उजवा हात कायम ह्यांच्या डाव्या मांडीवर. तळवा सपाट असला म्हणजे डावीकडं मोकळं आहे. एक चापटी मारली म्हणजे डावीकडं सरू नका. आणि मूठ करून दाबली म्हणजे थांबा, काय वाटेल ते झालं तरी थांबा. दीड वर्षात मूठ दाबायची वेळ तीनदा आली, आणि तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. स्पर्धेला लागणाऱ्या डोळ्यांच्या दाखल्याचं म्हणाल, तर तो ओळखीनं मिळायचा. ओळखीचे डॉक्टर डोळे तपासत नाहीत, चहा घेणार का ते विचारतात.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि या माणसाला माझी इतकी गरज कधीच लागली नव्हती. लोक त्यांच्या हाताची तारीफ करायचे तेव्हा मी मनात म्हणायची, अर्धी माझी आहे.

झेंडा पडला.

दिवाळी सरून पंधरा दिवस झाले होते. पठारावरचं गवत पिवळं पडलेलं, त्यात मधूनच काळा कातळ. चाळीस किलोमीटरची फेरी. बेळगावचा तो जीपवाला, गेल्या वर्षी चार सेकंदांनी पुढं गेलेला, आमच्याआधी सुटला होता. त्याची धूळ पहिल्या खिंडीपर्यंत आम्हाला दिसत होती. हे गाडी अशी सोडत होते की मला खुर्चीत बसल्यासारखं वाटतच नव्हतं, पट्ट्यांना लोंबकळल्यासारखं वाटत होतं. तळवा, तळवा, चापटी, तळवा. डावीकडं घळ आली, चापटी मारली, गाडी हातभर उजवीकडं सरकली. माझा हात काही ठरवतच नव्हता, आपोआप चालला होता.

दुसरी खिंड ओलांडली आणि मला तो दिसला. डावीकडं, वाटेच्या अगदी कडेला, आमच्याकडं पाठ करून उभा असलेला म्हातारा. खांद्यावर घोंगडं, काखेत कोकरू. मेंढरं पलीकडं उतरणीला होती आणि एक चुकार मेंढी वाटेत आली होती. तिला काठीनं वळवायला तो वाटेत शिरला.

मी मूठ दाबली.

मांडी ताठ झाली. मला ते अजूनही, आत्ता लिहिताना, हाताला जाणवतं. मांडी दगडासारखी ताठ झाली, म्हणजे कळलं होतं. गाडी मात्र थांबली नाही. मी पुन्हा मूठ दाबली, सगळा खांदा लावून. आणि तिसऱ्यांदा. इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी चढला.

म्हाताऱ्यानं मान वळवली आणि कोकरासकट मागं उडी टाकली. माझ्या कोपरापासून तो वीतभर लांब होता. उघड्या गाडीत मध्ये काही नसतं. मला त्याचे उघडे राहिलेले डोळे दिसले, घोंगड्याचा वास आला. पुढच्या चाकापाशी टक् असा आवाज झाला आणि आम्ही पुढं गेलो होतो.

मी पट्ट्यांत जेवढं वळता येतं तेवढं वळून मागं पाहिलं. धुळीत तो उठून बसत होता. माझा हात ह्यांच्या मांडीवरून केव्हा निघाला ते मला कळलं नाही. उरलेले अकरा किलोमीटर मी एकही खूण केली नाही, आणि हे नुसत्या उजव्या डोळ्यावर, अंदाजानं, शेवटापर्यंत गेले.

शेवटच्या रेषेवर गाडी थांबली तशी मी पट्टे सोडून उडी टाकली आणि घड्याळ लावून बसलेल्या पंचांकडं पळत गेले. “दुसऱ्या खिंडीपाशी एक धनगर पडलाय. माणूस पाठवा आधी.” त्यांनी मोटरसायकलवाला पाठवला. तो अर्ध्या तासानं परत येऊन म्हणाला, म्हातारा धडधाकट आहे, कोकरू पण धडधाकट आहे, काठी तेवढी मोडली.

काठीचा तुकडा आमच्याकडं होता. डाव्या पुढच्या चाकाच्या पाइपांत अडकून बसला होता. दस्तगीरनं तो उपसून काढला आणि हातात धरून ह्यांच्याकडं बघत राहिला.

“बाभळीची फांदी आसंल,” हे म्हणाले.

“तासलेली फांदी?” दस्तगीर म्हणाला आणि तुकडा खाली ठेवून पाणी आणायला गेला.

आम्ही दोघंच राहिलो तसं मी विचारलं, “मी मूठ दाबली होती. थांबला का नाहीत?”

“कवा?”

“कवा काय? धनगराजवळ. तीनदा.”

हे माझ्याकडं पूर्ण वळले. मला नीट बघायचं तर त्यांना पूर्णच वळावं लागायचं. “वैजू, मूठ दाबली असतीस तर थांबलो नसतो व्हय? आजवर थांबलो न्हाई का? खड्डा बसला तवा तुझा हात सुटला आसंल. हुतंय तसं. मी काय तुला बोल लावत न्हाई.”

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. हे मायेनं म्हणाले. मी पाण्याच्या टँकरच्या सावलीत जाऊन बसले आणि स्वतःच्या मांडीवर मूठ दाबून बघितली. एकदा, दोनदा. हात सुटला असेल का? मांडी ताठ झाली ती खड्ड्यामुळं असेल का? तासाभरात मी अशी झाले की मला माझाच हात परका वाटायला लागला. आणि प्रश्न साधा नव्हता. मूठ मी दाबली नसेल, तर एका माणसाचा जीव माझ्या हातून जाता जाता राहिला होता. दाबली असेल, तर मी ज्या माणसाचा डोळा झाले होते तो माणूस मला ठाऊकच नव्हता. दोहोंतलं एक काहीतरी घेऊनच मला घरी जायचं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला निकाल आला. आम्ही पहिले, बेळगावचा दुसरा. अंतर तीन सेकंदांचं. दस्तगीरनं ह्यांना खांद्यावर घेतलं. हे लहान पोरासारखे हसत होते आणि अधूनमधून मान वळवून मला शोधत होते.

बक्षीस समारंभाला पठाराच्या पायथ्याशी मांडव घातला होता. कुणी साखर कारखान्याचे संचालक पाहुणे होते. नाव पुकारलं तसे आम्ही दोघं मंचावर गेलो. ह्यांच्या डाव्या बाजूला मी, नेहमीसारखी. गर्दीत गेलो की मी ह्यांच्या डाव्या कोपराला बोट लावून ठेवायची. पायरी आली, कुणी हात पुढं केला, कुणी नमस्कार केला, की बोट दाबायची. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे!

मंचावर चढता चढता हे पुटपुटले, “हात जरा नीट ठेव आता. तितल्यासारकं नगं.”

मी बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिले.

सूत्रसंचालक कर्ण्यावर ओरडत होता, खाली ढोल वाजत होता. पाहुणे चषक उचलून डावीकडून आले, ह्यांच्या खांद्याशी उभे राहिले, चषक पुढं केला. हे समोर बघून हसत होते.

“घ्या, इंगवले.”

कर्ण्याच्या गोंगाटात आवाज कुठून आला ते ह्यांना कळलं नाही. हे उजवीकडं वळले. तिथं कुणी नव्हतं. मांडवात हशा पिकला. “अहो, हिकडं, हिकडं!” कुणीतरी ओरडलं. ह्यांनी पुन्हा समोर बघितलं. पाहुण्यांचे हात चषकाच्या वजनानं खाली यायला लागले होते. मी तिथंच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. खूण न करणं म्हणजे काय असतं ते आता त्यांना कळत होतं.

मग हे एकदम डावीकडं वळले. कोपर चषकाला लागलं आणि तो फळ्यांवर पडून गडगडत खाली गेला.

हशा थांबला. पहिल्या रांगेत स्पर्धेचे डॉक्टर बसले होते. ते उठले, मंचावर आले आणि त्यांनी ह्यांच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला.

“किती बोटं?”

“दोन,” हे म्हणाले.

डॉक्टरांनी दुसरा हात वरच केला नव्हता.

त्या क्षणी मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. आणि लगेच पुढच्या क्षणी ह्यांचा झाकलेला चेहरा दिसला आणि वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावी.

चषक बेळगावच्या माणसाला गेला. ह्यांचं नाव स्पर्धेतून कायमचं काढलं.

घरी आल्यावर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. मला वाटलं होतं लोक ह्यांना नावं ठेवतील. झालं उलटंच. जो येईल तो ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. “काय माणूस! एका डोळ्यानं पहिला आला!” धनगराची गोष्टही पसरली होतीच. तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं: बिचाऱ्याला दिसलंच नाही, त्याचा काय दोष? शेजारी बायको बसली होती, तिला दिसत नव्हतं का? शाळेतल्या बाईंनीसुद्धा मधल्या सुट्टीत मला विचारलं, “वैजयंता, तुझं लक्ष कुठं होतं गं?” आणि आत्ती भाकरी थापता थापता म्हणाल्या, “नवऱ्याचं उणं चारचौघांत काढत्यात व्हय? हाताला काय मेंदी लावली हुतीस?”

हे कुणालाच काही म्हणत नव्हते. येणाऱ्याचं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि शेडमध्ये जायचे. माझ्याशी बोलणं बंद, मीही बंद. बारा दिवस. पण ह्यांना चैन नव्हतं. नटबोल्टांचे पाने एकदा लहान-मोठे लावायचे, मग पुन्हा मोठे-लहान. सांगाडा सुरू करायचे, चार मिनिटं ऐकायचे, बंद करायचे. ट्रॉलीचं काम दस्तगीर एकटा करत होता. पाहुणा कुणी “दिसलंच नाही ना तुम्हाला” असं म्हणाला की ह्यांचा जबडा हलायचा, पण शब्द यायचा नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मला त्यांची दया यायची. रागही तेवढाच यायचा.

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, दस्तगीरनं सहज सांगितलं की त्या धनगरानं आता मेंढरं पठाराखालच्या एका रानात बसवली आहेत, खतासाठी, आणखी दोन रात्री आहे तो तिथं. हे ऐकून हे उठले, अंगणात आले आणि आत्तींकडं बघून म्हणाले, “आई, हिला म्हणावं, गाडी काढ.”

“आन् मी काय डाकवाली हाय व्हय?” आत्ती म्हणाल्या. तरी माझ्याकडं वळल्या. “गाडी काढ म्हणतोय गं.”

“विचारा, कुठं जायचं.”

“कुटं जायाचं म्हणती.”

“म्हणावं, धनगराकडं.”

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी तो निरोप मला सांगितला नाही, मी ऐकलाच होता.

मी माहेरी ट्रॅक्टर चालवलेला. सांगाडा शेडमधून अंगणात काढायची तीही मीच, पण पाणंदीला कधी घेतला नव्हता. त्या दिवशी मी उजवीकडं बसले आणि हे डावीकडं, माझ्या खुर्चीत. पाणंदीच्या पहिल्या वळणाला मला काहीतरी चमत्कारिक वाटलं आणि मग लक्षात आलं: हे माझ्याकडं बघत होते. डोळा गेल्यापासून या गाडीत मी कायम त्यांच्या अंधाऱ्या बाजूला बसले होते. आता त्यांना मी दिसत होते. मला ते सहन होईना. मी रस्त्यावर नजर रोवली आणि गाडी चालवत राहिले.

रानाच्या बांधापाशी इंजिन बंद केलं. मेंढरं एका बाजूला दाटीनं बसलेली, दोन घोडी, बांबूच्या डालग्याखाली कोकरं. म्हातारा उठून पुढं आला. त्याच्या हातात नवी काठी होती, अजून साल काढायची राहिलेली. त्यानं गाडी ओळखली, मग ह्यांना ओळखलं.

“या मालक, या,” तो म्हणाला. घोंगडं झटकून त्यानं बांधावर अंथरलं. “बसा. आगं, चा टाक,” त्यानं चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला हाक दिली. “कशाला आलासा इतक्या लांब? मला काय झालं न्हाई, बगा.”

हे बसले नाहीत. “माफी मागाय आलो,” म्हणाले.

“माफी कशाची? आयकलंय की आमी समदं. त्या अंगाचं तुमास्नी दिसतच न्हाई म्हणं. दिसत न्हाई त्याला काय करायचं माणसानं? देवानंच दिवा इजवला. मी आमच्या म्हातारीला बी तेच म्हणालो, मालकाचा काय दोस न्हाई.”

किती सोपं होतं! त्यानं सगळं तयार करूनच ठेवलं होतं. हे नुसते “व्हय” म्हणाले असते तरी चाललं असतं. आम्ही चहा पिऊन घरी आलो असतो, आणि हे जन्मभर एक बिचारा माणूस म्हणून जगले असते. मी सांगाड्याच्या पाइपाला घट्ट धरून उभी होते. मला वाटलं, आता म्हणतील “व्हय”.

“दिसलं न्हाई, हे खरं,” हे म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. “पर हिनं सांगितलं हुतं. थांब म्हणायची आमची खूण हाय. हिनं मूठ दाबली. तीन डाव. मला कळलं हुतं.”

म्हातारा एक पाऊल पुढं आला.

“मग थांबला का न्हाईस?” तो म्हणाला.

त्याच्या तोंडचं ‘मालक’ गेलं होतं.

“म्होरं माणूस हाय का जनावर, ते ठावं नव्हतं मला,” हे म्हणाले. “कायतरी हाय एवढं कळलं हुतं.” मग म्हणाले, “पयला नंबर येत हुता.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. रागावला नाही, ओरडला नाही. खाली वाकून त्यानं घोंगडं उचललं, घडी घालून खांद्यावर टाकलं आणि कोकरांच्या डालग्याकडं निघून गेला. चुलीपाशी म्हातारीनं चहाचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं. तिनं ते कपात ओतलं नाही.

हे तिथंच उभे होते, रिकाम्या बांधापुढं. मी माझ्या उजव्या हाताकडं पाहिलं. हात माझाच होता, आणि त्यानं त्याचं काम केलं होतं. तेरा दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि ते कुणासाठी आलं हे मला आजही सांगता यायचं नाही.

मग मी त्यांच्या डाव्या बाजूनं न जाता वळसा घालून समोर गेले, त्यांना दिसेन अशी.

“चला,” मी म्हणाले. “घरी जाऊन आत्तींना हेच सांगा.”